विंगसाहेबांचं मेडिकल आणि आमचा भैरोबा

माणसानं अडतिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हे मी रीतसर चौकशी करून सांगतो आहे, कारण आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात 'बेकायदेशीर' हा शब्दही येऊन गेला. बोलणारे गृहस्थ स्वतः गच्चीवर बेकायदेशीर अँटेना लावून बसले आहेत. पण ते असो.

मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर माझा संबंध बटाट्यांशी येतो. बटाटा हा जमिनीखाली वाढणारा जिन्नस. त्याच्या सहवासात आयुष्य काढणाऱ्या माणसाची नजर वर का जावी, हे कोडं मलाही सुटलेलं नाही. पण संध्याकाळी नेरूळला घरी आलो की चहाचा कप घेऊन मी गच्चीवर जातो. खाडीपलीकडे विमानं उतरायला लागलेली असतात, त्यांचे दिवे लागलेले असतात, आणि माझा चहा हातात निवून जातो. मला विमानात बसायचं नव्हतं. तिकीट काढून कोणीही बसतो. मला ते चालवायचं होतं. ते दांडकं एकदा, फक्त एकदा, माझ्या हातात असावं आणि मी ओढलं म्हणून विमान वर जावं, एवढंच. ही इच्छा इतकी जुनी होती की ती कधी सुरू झाली हेसुद्धा आठवत नव्हतं. रात्री जेवून आडवं झालं की ती छातीत जरा हलायची आणि मग मी कूस बदलायचो.

तेव्हा, म्हणजे सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर, रविवारच्या पेपरात एका फ्लाइंग क्लबची माहिती आली. शिकाऊ वैमानिक म्हणून नाव घालता येतं, मात्र पहिली पायरी मेडिकलची. मान्यताप्राप्त डॉक्टरनं 'पात्र' असं लिहून दिलं की पुढचं पुढे. मी ते कात्रण बायकोला, काशीला, दाखवलं.

"स्कूटर शिकताना तुम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये घुसला होतात," ती म्हणाली.

"आकाशात केबिन नसते."

तिनं कात्रण मला परत दिलं. काशी नाही म्हणत नाही तेव्हा तिची परवानगी असते, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा समजलं. तिनं ही गोष्ट फक्त खालच्या मजल्यावरच्या उन्नतीच्या आईला सांगितली. त्यामुळे सकाळचं पाणी जायच्या आत ती सगळ्या मजल्यांना समजली.

पहिले आले हौसेराव. हौसेराव आमच्याच साताऱ्याकडचे, निवृत्त एसटी ड्रायव्हर. सरकारी मेडिकल या विषयात सोसायटीत त्यांच्याएवढा अधिकार कोणाचाच नाही, असं ते स्वतःच सांगतात.

"मानसिंगराव, उभा जन्म यष्टी हाकली म्या. मेडिकल म्हंजी काय ते मला इचारा. डागदराला समदं खरं सांगू नगा आन खोटं तर आजिबात सांगू नगा. त्यो इचारंल त्येवढंच बोला."

वाशीला हवाई दलातून निवृत्त झालेले एक डॉक्टर ही तपासणी करत. ते विंग कमांडर होते, म्हणून आमच्या सोसायटीनं त्यांचं नाव परस्पर 'विंगसाहेब' ठेवलं. कोणकोणत्या दुखण्यांनी माणूस विमानाला मुकतो, याचा छापील कागद त्यांच्या दवाखान्यातून मिळाला होता. हौसेरावांच्या आग्रहाखातर मी तो संध्याकाळी जिन्याखाली मोठ्यानं वाचून दाखवला. ही माझी चूक झाली. फिट येणं, शुद्ध हरपणं, हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, रंग न ओळखता येणं, मूतखडा. मी एकेक शब्द उच्चारला की श्रोत्यांतला एकेक चेहरा पडायला लागला.

"स्टोन?" तिसऱ्या मजल्यावरचा कुंदन एकदम उसळला. "स्टोनचा आणि प्लेनचा काय संबंध? मी काय मुद्दाम केला काय?"

"वर असताना कळ आली तर दांडकं हातातून सुटेल, असं त्यांचं म्हणणं."

"हे टू मच आहे, बॉस."

कुंदनला जन्मात कधी विमान चालवायचं नव्हतं. पण आपण चालवू शकत नाही हे कळल्यावर तो दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. तळमजल्यावरचे वामनशेठ मूळचे शिरवण्याचे. तिथल्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्यावर ते इकडे राहायला आले, आणि मधुमेह त्यांच्या घरात सगळ्यांनाच आहे.

"डायबिटीस हाय म्हनून इमान देत नाय? मंग आमचे गावान येक पन पायलट व्हनार नाय," ते म्हणाले आणि उठून घरात गेले.

तर अशा अपात्र वैमानिकांच्या शुभेच्छा घेऊन मी पहिल्या तपासणीला निघालो. उपाशीपोटी यायचं होतं. आदल्या रात्री लवकर जेवलो. सकाळी चहासुद्धा घेतला नाही. चपला घालत होतो तेवढ्यात आईनं तळहातावर दही-साखर ठेवली. माझी आई राहीबाई. तिच्या हातच्या दही-साखरेशिवाय मी दहावीच्या परीक्षेला गेलो नाही, मुलगी बघायलाही गेलो नाही.

"आई, उपाशी जायचंय."

"मग? ह्ये काय खानं हाय व्हय? ह्यो शकून हाय."

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पुढच्या जिन्यावर उन्नतीची आई वाटी घेऊन उभी. आईचं घेतलं आणि त्यांचं नाकारलं, असं कसं चालेल? त्याच्या खालच्या मजल्यावर कुंदनच्या बायकोची वाटी. हौसेरावांनी साताऱ्याहून आलेला कंदी पेढा तोंडात कोंबला. फाटकाशी वामनशेठ राग विसरून खोबऱ्याची वडी घेऊन थांबले होते. मी सगळ्यांच्या पाया पडलो आणि रिक्षात बसलो.

विंगसाहेब उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. भिंतीवर त्यांचा विमानाशेजारी उभा असलेला फोटो होता. त्यांनी 'आ करा' म्हटलं तेव्हा मी फोटोकडे बघत होतो, त्यामुळे त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. थोड्या वेळानं रक्ताचा रिपोर्ट आला. त्यांनी आधी तो वाचला आणि मग मला न्याहाळलं.

"साळुंखे, तुम्ही उपाशी आहात?"

"रात्रीपासून अन्नाला शिवलो नाही, साहेब."

हे मी गावच्या भैरोबाची शपथ घेऊन सांगितलं असतं. विंगसाहेबांनी चष्मा काढला. ते पुण्याचे होते, म्हणून वाचलो.

"दही-साखर?"

"ती थोडी."

"किती घरांची?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आणि येताना घरचं कोणीतरी जबाबदार माणूस सोबत आणा, असं सांगितलं. अडतीस वर्षांच्या, दोन गोदामांच्या किल्ल्या कमरेला असलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

जबाबदार माणूस म्हणून अर्थातच आई आली. चूक तिची होती, तेव्हा निस्तरायचीही तिनंच, असा तिचा बाणा. पुढच्या वेळी ती छत्री आडवी धरून माझ्यापुढे जिना उतरली. दारं उघडत होती, वाट्या पुढे येत होत्या, आणि आई "सरा मागं, डागदरानं सांगितलंया," म्हणत सगळ्यांना आत ढकलत होती. हौसेरावांचा पेढा तिनं स्वतःच्या कनवटीला लावला.

त्या दिवशी सगळं पार पडलं. साखर ठीक, डोळे ठीक, कान ठीक. ठिपक्यांच्या चित्रातले आकडे मी धडाधड वाचले. विंगसाहेब पहिल्यांदाच हसले. "बटाट्यांनी तुमची प्रकृती चांगली राखली आहे," ते म्हणाले. आता नुसते प्रश्न उरले होते.

"कधी फिट आली होती?"

"नाही."

"चक्कर? शुद्ध हरपली होती कधी?"

"नाही."

"आसं कसं न्हाई?" दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला. "वारं येतंया की त्याला!"

आईच्या तोंडावर इतका अभिमान होता की मला तिला थांबवता आलं नाही. मुलाची एवढी मोठी लायकी कागदावर लिहायची राहून जाते आहे, असंच तिला वाटलं असणार.

"वारं म्हणजे अंगात येतं?" विंगसाहेबांनी पेन उचललं. "काय होतं नक्की? ताठ होतात?"

"ताठ म्हंजी? लाकूड!"

"डोळे वर जातात?"

"पार वर. नुस्तं पांढरं दिसत हुतं."

"थरथर?"

"तर! दोगं जन धरायला लागलं."

"आणि नंतर पडले?"

"पडला की. पानी मारलं तवा उटला."

प्रत्येक 'होय'बरोबर आई जास्त खुलत होती आणि विंगसाहेब जास्त गंभीर होत होते. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते आणि दोघांचीही खात्री पटत चालली होती.

"एकदाच झालं, साहेब," मी म्हणालो. "अकरा वर्षांचा होतो. जत्रेत."

"एकदाच झालं तरी मला विचारावं लागतं. बाई, हे विमान घेऊन वर गेले आणि तिथं असं झालं तर?"

"मग तर भ्याचं कारनच न्हाई," आई म्हणाली. "देवच चालवंल की!"

विंगसाहेबांनी मला मेंदूच्या तपासणीला पाठवलं. डोक्याला वायरी लावून मी एका अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो. आलेखाची पट्टी निर्मळ आली. मग मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर हातोडी मारली. गुडघ्यांनी सहकार्य केलं. शेवटी त्यांनी लिहून दिलं की आज दोष काही दिसत नाही, त्या दिवशी शुद्ध गेली होती की नाही एवढाच प्रश्न आहे आणि तो पेशंट व प्रत्यक्ष पाहणारं माणूस यांना विचारून ठरवावा. पाहणारं माणूस आईच होतं.

यावर जिन्याखाली चर्चा झाली.

"सोप्पं हाय," हौसेराव म्हणाले. "सांगायचं, सोंग हुतं. बारकं पोर हुतं, नाचलं ढोलाबरोबर."

"बरोबर. मॅटर क्लोज," कुंदन म्हणाला.

आई जिन्यातच उभी होती. ती तशीच वर गेली आणि त्या रात्री जेवली नाही. काशीनं दोनदा पान वाढलं. नंतर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आईंना काही बोलू नका. काय ते तुम्हीच ठरवा."

आता ते वारं काय होतं, हे सांगायला हवं. माझे वडील गेले त्याच वर्षीची ती भैरोबाची जत्रा. आई देवळाच्या भिंतीला टेकून मागं बसली होती. भाऊबंद घरावर टपले होते, माहेरचे म्हणत होते पोराला घेऊन इकडं ये, आणि आई दोन्हीकडचं ऐकून नुसती रडत होती. देवाच्या पालखीचा छबिना निघाला. मी ढोलांजवळ होतो. माझे पाय उचलले गेले, मग हात, मग मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि माझ्या तोंडून शब्द आले, "राहे, रडू नगंस. घर सोडू नगंस. म्या हाय."

राहे. कोणता मुलगा आईला नावानं हाक मारतो? सगळ्या गावानं हात जोडले. आई उठली, तिनं डोळे पुसले, पदर खोचला, आणि ती घर सोडून कुठेही गेली नाही. नांगर धरायला माणूस मिळाला नाही तर तिनं तो धरला. मला शिकवलं. माझी नोकरी, नेरूळचा हा फ्लॅट, गच्चीवरचा चहा, सगळं त्या एका वाक्याच्या जोरावर उभं राहिलं आहे. भैरोबानं शब्द दिला होता, तो त्यानं पाळला, असं ती मानते.

आणि मला सगळं आठवतं. गुलालाची चव आठवते. शब्द आठवतात. आईला 'राहे' फक्त वडील म्हणायचे, हेही आठवतं. ते शब्द देवाचे होते, वडिलांचे होते की रडणारी आई न बघवलेल्या एका पोराचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण ऐकले ते मी. माझ्या या कानांनी.

शेवटच्या खेपेला आई नवं लुगडं नेसून आली. विंगसाहेबांनी तिला नीट बसवलं, पाणी दिलं आणि त्या दिवशी काय झालं ते सांगायला सांगितलं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"पोरगं हुतं," ती म्हणाली. "नाचत आसंल. ढोलाचा आवाज आला की नाचतातच पोरं." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. माझ्या विमानासाठी आईनं देवाला परत पाठवायला काढलं होतं.

विंगसाहेबांनी तिचं बोलणं लिहून घेतलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"साळुंखे, शेवटी तुमच्यावर आहे. त्या वेळचं तुम्हाला काही आठवतं? आठवत असेल तर तुम्ही शुद्धीवर होतात, मी तुम्हाला पात्र ठरवतो. नसेल आठवत तर मला तो धोका घेता येणार नाही."

समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. विमानाचं दार उघडं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. त्या क्षणी मला ते विमान इतकं हवं होतं की मी खुर्चीच्या कडेला सरकलो होतो. शेजारी आई लुगड्याच्या काठाचा चुरगळा करत बसली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "काहीच आठवत नाही. ढोल वाजत होते, पुढं काय झालं ते मला आईनं सांगितलं."

आईनं झटकन वर पाहिलं. विंगसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग खाली बघून लिहिलं. अपात्र. पूर्वी शुद्ध हरपल्याचा प्रसंग, कारण अज्ञात. उठताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि माझा हात लवकर सोडला नाही.

रिक्षात आई म्हणाली, "तुजा लई जीव हुता रं इमानावर."

"जाऊ दे," मी म्हणालो आणि बाहेर बघत राहिलो. पामबीच रोडच्या कामाची धूळ डोळ्यांत जात होती, हे माझं नशीबच.

घरी आल्यावर तिनं काशीकडून तो कागद मोठ्यानं वाचून घेतला. 'कारण अज्ञात' हे शब्द तिनं दोनदा वाचायला लावले.

"आज्ञात म्हंजी?"

"म्हणजे कशामुळे झालं ते डॉक्टरांना समजलं नाही."

"त्यास्नी कसं कळंल?" आई समाधानानं म्हणाली.

सरकारमान्य डॉक्टरनं मानसिंगच्या अंगात देव येतो असं लिहून दिलं, ही बातमी जिना उतरून खाली जायला वेळ लागला नाही. आईनं कागदाला फ्रेम करून तो देव्हाऱ्यावर लावला. हौसेराव मला वाकून नमस्कार करायला लागले. कुंदन मूतखड्यावर अंगारा मागायला आला. मी त्याला भरपूर पाणी पी, असं सांगितलं. योगायोगानं खडा पडला आणि साधा माणूस म्हणून माझी उरलीसुरली प्रतिष्ठाही त्याबरोबर गेली. कोल्ड स्टोरेजमधले हमाल बटाट्याची गोणी उचलण्याआधी माझ्या पायाला हात लावायला लागले.

अशातच एका रविवारी वामनशेठ नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन वर आले. पनवेलच्या अलीकडे विमानतळ होणार, अशी आवई त्या दिवसांत उठली होती आणि ज्याची तिकडे वीतभर जमीन होती त्याची झोप उडाली होती.

"मानसिंगशेठ, येक काम करा. माजा तिकरं येक जमिनीचा पलाट हाय. इमानतल आला तं तो त्यान जाल का वाचंल, येवरा देवाला इचारून सांगा."

"वामनशेठ, हा सगळा गैरसमज आहे. मला असं काही—"

आईनं पाट मांडला होता. ती पाटाशेजारी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी बसलो. डोळे मिटायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि 'देव आज बोलत नाही' म्हणून उठायचं, असं मी ठरवलं. वामनशेठनी उदबत्ती लावली. डोक्यावर पंखा घुमत होता.

आणि मी धावपट्टीवर होतो.

"सुटलं," मी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू येत होता. "पळतंय. फार जोरात पळतंय. आता चाकांचा आवाज थांबला. कसलाच आवाज नाही. नाक वर धरलंय. ढग येतोय समोर. शिरलो. सगळं पांढरं. हलतंय थोडं, पण मी धरलंय, घट्ट धरलंय. अजून वर. अजून. वर ऊन आहे. ढगांच्या वर नुसतं ऊन आहे."

किती वेळ बोललो कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. काशी स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात घेऊन थांबली होती, आईनं हात जोडले होते आणि वामनशेठ गुडघ्यांवर पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आनि माजा पलाट?" त्यांनी विचारलं. "माजा पलाट दिसला का?"

"नाही, वामनशेठ," मी खरं ते सांगितलं. "मी खाली बघितलंच नाही."